घागरीजवळचे धर्मांतर

धर्मांतर म्हटले म्हणजे आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे एकच दिवस उभा राहतो. पाळकाने मस्तकावर पाणी घातले, गावात बोभाटा झाला, आप्तांनी नाव टाकले, की प्रकरण संपले! त्या एका दिवसाविषयी अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही पक्षांची भांडणे इतकी होतात की, पुढे त्या मनुष्याच्या घरी पाणी कोण भरितो, त्याच्या चुलीपाशी कोणास येऊ देतात, पंक्तीस त्याच्या शेजारी कोण बसतो, हे विचारण्याचे कोणास सुचतच नाही. आमच्या मते मनुष्य पालटला की केवळ त्याचे नाव पालटले, याचा निवाडा तेथेच व्हावयाचा असतो. अहमदनगराहून (या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे) मनमाडच्या सडकेने निघाले म्हणजे सीना ओलांडून नागापूर लागते, व तीच सडक पुढे राहुरीस जाते. त्या राहुरीत एका ब्राह्मण स्त्रीने हा निवाडा स्वतःच्या घरात, स्वतःविरुद्ध, करून घेतला. तिचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म 1868 साली नाशिकजवळ जलालपूर येथे गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. 1857 च्या धामधुमीत या कुटुंबाच्या एका निकटच्या आप्तास फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनास सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, हा नियम. त्यातून मीठदेखील सुटले नाही. मीठ धुतल्यावर किती उरत असेल याचा हिशेब ज्या घरात कोणी करीत नसे, त्या घरात या मुलीने पाण्याविषयीचे पहिले धडे घेतले. ते धडे पुसण्यास तिला निम्मा जन्म लागला, हे पुढे दिसेलच.

1880 साली त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. हे टिळक लोकमान्य नव्हेत. हे कवी टिळक. बुद्धी तेजस्वी, हात उदार, आणि पाय एका गावी न टिकणारे. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा कोणत्या गावी, याचा पत्ता बायकोस नसे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार वाचावयास दिला. पुढे पुष्कळ वाचन, पुष्कळ तळमळ, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा. टिळकांचे परिवर्तन ग्रंथातून, वादातून व काव्यातून झाले. तुकोबांच्या अभंगांची वाट सोडून नव्हे, तर त्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत, आणि त्यांच्या अभंगांत ते पदोपदी दिसते. त्यांच्या थोरवीविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्या दिवशी त्यांच्या आत्म्यास शांती मिळाली, त्या दिवशी सव्वीस वर्षांची त्यांची पत्नी लहानग्या दत्तूस घेऊन आप्तांच्या दारी निराधार झाली, हे सांगितल्यावाचून ही कथा पुढे नेणे अन्यायाचे होईल. ज्यांना सुधारणा करावयाची असते, ते तिचे मोल पुष्कळदा घरातल्या स्त्रीकडून वसूल करितात. सुधारकांच्या चरित्रांत हा खर्च मांडलेला क्वचितच सापडतो.

पुढील चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नाशिक, पंढरपूर येथे आप्तांच्या आश्रयाने काढिली. शिक्षण म्हणावे तर लिहिता-वाचता येण्यापुरते; तेवढ्यावर दुःखाने त्यांच्याकडून कविता लिहविली. अखेर त्या पतीकडे अहमदनगरास आल्या त्या स्वधर्म सोडून नव्हे. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे, सोवळे जसेच्या तसे. टिळकांविषयी एक गोष्ट येथे गौरवाने नमूद केली पाहिजे: त्यांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही, तिच्या सोवळ्याची सोय लावून दिली. अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात ख्रिस्ती कवीच्या घरी एक ब्राह्मणी चूल पेटलेली राहिली.

ही चूल कोणत्याही उपदेशाने विझली नाही. राहुरीच्या मुक्कामात लक्ष्मीबाईंच्या मनात एक अगदी साधा विचार आला. माणसामाणसांत जो भेद आपण पाळितो, तो ईश्वराने केला असता तर त्याची काही खूण मनुष्याच्या देहावर दिसावयास हवी होती; ती कोठे आहे? खूण सापडेना. तेव्हा भेद माणसाने केला, आणि माणसाने केलेले माणसास मोडता येते. त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे, असे त्यांनी ठरविले. बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता! तो दत्तूसह 1900 साली झाला. आधी घागर पालटली, मग धर्म. हा क्रम आमच्या वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीपाशी भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी भांड्याकुंड्याचा व्यवहार ठेवीत नसत, आणि ख्रिस्ताने तिच्यापाशी मागितले ते आधी पाणीच. लक्ष्मीबाई त्या विहिरीपाशी कोणी बोट धरून न नेता पोहोचल्या.

मन वळले म्हणून देहाची शिसारी एका दिवसात जात नाही. म्हणूनच पुढील वर्षांस आम्ही बाप्तिस्म्याहून अधिक मोल देतो. मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी प्लेगच्या दिवसांत रोग्यांची शुश्रूषा करू लागली. अनाथ मुले, विद्यार्थी, वाट चुकलेले कवी, सारे तिच्या स्वयंपाकघरात जेवू लागले. बालकवी ठोंबरे यांसही या घरी आश्रय मिळाला. टिळक हातचे द्रव्य वाटून मोकळे होत; पातेल्यात काय शिजवावयाचे ही विवंचना बाईंची. संतपणा पतीच्या वाट्यास, भाकरीचा हिशेब पत्नीच्या! तथापि त्यांनी या ओढाताणीचे वर्णन केले आहे ते हसत हसत, आणि त्या हास्यात पतीवरील प्रीती कोठेही उणी होत नाही.

9 मे 1919 रोजी टिळक वारले. त्यांचे ख्रिस्तायन हे महाकाव्य प्रारंभीच थांबले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या विधवेने ते हाती घेऊन पुरे केले. 1933 साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. 1934 पासून स्मृतिचित्रे हा ग्रंथ भागशः निघू लागला, आणि मराठी गद्यास असा सरळ, निष्कपट आवाज पूर्वी क्वचितच लाभला होता, हे सर्व पंथांच्या वाचकांनी मान्य केले.

ख्रिस्ती मंडळ्यांतील आमच्या बंधूंस येथे थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. बाप्तिस्म्याने जात गेली असे म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत विवाह ठरविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. मंडळीत एक प्याला, घरात दोन. हिंदू बंधूंनी यावर हर्ष मानू नये, कारण तो दुसरा प्याला त्यांच्याच फडताळातून तेथे गेलेला आहे. नागापुरास आज कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथे नाना जातींचे कामगार एका नळाचे पाणी पितात व संध्याकाळी आपापल्या घरी परततात. घरच्या माठाचा नियम नळाप्रमाणे आहे काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

लक्ष्मीबाई 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे वारल्या. ज्या मुलखात त्यांच्या वडिलांनी मीठ धुतले, त्याच मुलखात बसून साठी उलटल्यावर त्यांनी आपले सोवळे कसे सुटले हे नावानिशी लिहून छापले. त्या ग्रंथाचा चौथा भाग त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी निघाला.