कमलबाई आणि लाटंबार्सेची आजी

लाटंबार्सेच्या घरात आजीचा फोटो आहे. ती कशाने गेली, असं विचारलं की सगळे विषय बदलायचे. छातीतली गाठ तिने वर्षभर लपवली होती, हे मला गेल्या वर्षी कळलं. त्यानंतर मी डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी वाचायला लागले.

कमलबाईंचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 चा, पुण्याचा. माहेरच्या त्या समर्थ. वडील फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं ही त्यांची इच्छा, पण तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं. 1939 मध्ये गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 मध्ये पीएचडी मिळवली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला काम करून त्या परतल्या आणि मुंबईत पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असल्याचं भारतात सुरुवातीला मांडणाऱ्यांत त्या होत्या. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

मला जास्त भावलं ते पुढचं. 1989 मध्ये निवृत्त झाल्यावर त्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत गेल्या आणि तिथल्या बायकांना आरोग्यसेविकेचं काम शिकवलं. 2001 मध्ये त्या वारल्या.

आमच्या घरी ‘रक्तातलं आहे’ म्हणजे नशीब, त्यावर बोलायचं नाही. खरं तर घरात कुणाला झाला असेल तर लवकर तपासून घ्यायला हवं. आणि बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो, म्हणून बाकीच्यांनीही निर्धास्त राहू नये. तपासणी करायची ती काही त्रास नसताना. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हातांनी तपासणी करते. हाताला न लागणारी गाठही मॅमोग्राममध्ये दिसू शकते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. असलीच, तर लवकर सापडल्यावर उपचार सोपे होतात.

हे सगळं मी मम्मीला सांगितलं. ती आधी चिडली, मग गप्प बसली. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी आरोग्य केंद्रात गेलो. काही निघालं नाही. परतताना तिने स्वतःहून मावशीला फोन लावला आणि पहिल्यांदाच आजीच्या आजाराचं नाव घेतलं.