प्रयोगशाळेतून लोकांच्या दारी : डॉ. शांतिस्वरूप भटनागर

शास्त्रज्ञांची चरित्रे वाचताना त्यांनी कोणता शोध लावला एवढेच आपण बहुधा पाहतो. त्या शोधाचे पुढे काय झाले, तो कोणाच्या उपयोगी पडला, त्यातून मिळालेला पैसा कोठे गेला, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. विद्यार्थी मित्रांनो, ज्यांची ओळख येथे तुम्हांला करून द्यावयाची आहे, त्या डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांनी मात्र आयुष्यभर हेच प्रश्न महत्त्वाचे मानले. जनतेच्या पैशातून जे ज्ञान जन्माला येते ते कपाटात पडून राहू नये आणि एकट्याच्या खिशातही जाऊ नये, या एका विचाराभोवती त्यांचे सारे कर्तृत्व फिरते.

भटनागर यांचा जन्म २१ फेब्रुवारी १८९४ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील भेरा या गावी झाला. मूल अवघे आठ महिन्यांचे असताना वडील, परमेश्वरी सहाय, वारले. घरची मिळकत बेताची. आईने मुलाला घेऊन आपले माहेर गाठले. हे आजोळ म्हणजे उत्तर प्रदेशातील बुलंदशहर जिल्ह्याचे सिकंदराबाद. आजोबा इंजिनिअर होते. त्यांच्या घरात अवजारे, नकाशे, यंत्रांचे सुटे भाग यांची रेलचेल. पोरक्या नातवाला खेळण्याच्या जागी तेच मिळाले. दोरा बांधून टेलिफोन कर, विजेची बॅटरी जुळव, असे त्याचे उद्योग चालत. त्याच घरात त्याला उर्दू काव्याचीही गोडी लागली आणि ती शेवटपर्यंत टिकली. विज्ञान शिकणाऱ्याने साहित्याकडे पाठ फिरवावी असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. लाहोरला कॉलेजात असताना या मुलाने उर्दू नाटक लिहून बक्षीस मिळविले होते.

१९११ साली भटनागर लाहोरच्या दयालसिंह कॉलेजात दाखल झाले. पुढे फोरमन ख्रिश्चन कॉलेजातून १९१६ मध्ये बी. एस्सी. आणि १९१९ मध्ये एम. एस्सी. झाले. परदेशी शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता. तो दयालसिंह ट्रस्टच्या शिष्यवृत्तीने उभा केला. जायचे होते अमेरिकेला, पण पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी सगळी जहाजे भरून गेली होती. इंग्लंडमध्येच अडकून पडलेल्या या तरुणाला ट्रस्टने लंडनला शिकण्याची परवानगी दिली. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रा. डोनन यांच्या हाताखाली त्यांनी तेल, साबण व पृष्ठताण या विषयांवर संशोधन केले आणि १९२१ मध्ये डी. एस्सी. ही पदवी मिळविली. पालकांनी येथे क्षणभर थांबावे. पितृछत्र हरपलेल्या मुलाच्या शिक्षणाला कोणा दात्याने मागे ठेवलेला पैसा कामी आला. त्या पैशाची परतफेड पुढे या मुलाने कशी केली, तेच आता पाहावयाचे आहे.

भारतात परतल्यावर तीन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात प्राध्यापकी केल्यानंतर १९२४ मध्ये ते लाहोरला पंजाब विद्यापीठाच्या रसायन प्रयोगशाळांचे संचालक झाले. तेथील सोळा वर्षे हा त्यांच्या जीवनाचा सर्वांत फलदायी काळ होय. पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म मोजण्यासाठी त्यांनी व के. एन. माथुर यांनी १९२८ मध्ये एक अतिशय संवेदनक्षम तराजू तयार केला. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने तो बनवून विकावयास घेतला. गुलाम देशातील एका विद्यापीठात घडलेले उपकरण विलायतेतील कंपनीने बाजारात आणावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

पण त्यांची खरी कसोटी पुढे लागली. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी जमिनीतून खनिज तेल काढीत असे. मराठी माणसाला अटक हे नाव इतिहासातून ठाऊक आहेच. त्याच मुलुखातील ही कंपनी. तेलाची विहीर खणताना भोकात चिखलाचा पातळ गारा सतत सोडावा लागतो. तो खणणारे पाते थंड ठेवतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. परंतु तेथे जमिनीखाली खारे पाणी होते. त्याचा स्पर्श होताच गारा गोठून घट्ट होई, यंत्र अडकून बसे आणि काम ठप्प होई. कंपनीने हे दुखणे भटनागरांपुढे मांडले. त्यांनी ओळखले की हा प्रश्न यंत्राचा नसून रसायनाचा आहे. पाण्यात तरंगणारे मातीचे सूक्ष्म कण मिठामुळे एकमेकांना चिकटतात. म्हणून त्यांना वेगळे ठेवणारा पदार्थ गाऱ्यात मिसळला पाहिजे. तो पदार्थ कोणता? तर आपल्याकडच्या झाडांचा डिंक! डिंक घालताच गारा पातळ राहू लागला आणि खणणे सुरळीत झाले.

कंपनीचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या स्टील ब्रदर्स या पेढीला इतका आनंद झाला की तिने भटनागरांना पेट्रोलियमविषयीच्या संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. वाचकहो, १९३०च्या दशकातील दीड लाख! ही रक्कम स्वतःच्या हाती घेण्यास त्यांना कोणी अडविले नसते. त्यांनी ती विद्यापीठामार्फत द्यावी असे सुचविले. त्या पैशातून पंजाब विद्यापीठात पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. पुढे कंपनीने ही रक्कम वाढविली आणि योजनेची मुदत पाच वर्षांवरून दहा केली. त्या विभागात तरुण संशोधकांना काम मिळाले. मेणाचा उग्र वास घालविणे, रॉकेलच्या दिव्याची ज्योत उंच करणे, तेल उद्योगातील टाकाऊ पदार्थांचा उपयोग करणे, असे विषय त्यांनी हाताळले. ज्या काळी बहुतेक घरांत मुले रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करीत, त्या काळी ज्योतीची उंची हा काही पुस्तकी प्रश्न नव्हता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी माल येईनासा झाला. तेव्हा १ एप्रिल १९४० रोजी सरकारने वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन मंडळ स्थापून त्याची सूत्रे भटनागरांच्या हाती दिली. वनस्पती तेलांपासून वंगण, टाकाऊ मालापासून प्लास्टिक, विषारी वायूला दाद न देणारे कापड, असे अनेक प्रयत्न सुरू झाले. लवकरच त्यांच्या लक्षात आले की शोध लागणे हे अर्धेच काम आहे. प्रयोगशाळेत वाटीभर तयार होणारी वस्तू कारखान्यात टनावारी काढावयाची तर भांडवल लागते, चाचणीचे छोटे यंत्रघर लागते, जोखीम घेणारा कारखानदार लागतो. शास्त्रज्ञाला बाजार कळत नाही आणि कारखानदाराला शास्त्र कळत नाही. या दोघांमध्ये पूल हवा. म्हणून १९४१ मध्ये त्यांच्या आग्रहाने संशोधनाचा उद्योगात उपयोग करून देणारी स्वतंत्र समिती नेमण्यात आली. उद्योगांकडून येणाऱ्या रॉयल्टीचा वेगळा निधी करून तो पुन्हा संशोधनावरच खर्चावा, अशीही योजना झाली. लाहोरला स्वतःपुरता पाळलेला नियम आता देशाचा नियम होऊ लागला. १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजेच सी.एस.आय.आर., स्थापन झाली.

माणसे निवडताना भटनागर गुण पाहत. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने वनौषधींवर संशोधन करणारे डॉ. सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांना त्यांनी १९४० मध्ये आपल्याकडे बोलावून घेतले. सर्पगंधेतील द्रव्ये वेगळी करून सिद्दिकींनी नाव मिळविले होतेच. आता त्यांनी कडुनिंबातील कडू द्रव्ये शोधून काढली. हेच सिद्दिकी पुढे १९५१ मध्ये पाकिस्तानात गेले आणि तेथे याच धर्तीची संशोधन परिषद त्यांनी उभी केली. देशाची फाळणी झाली, पण भटनागरांच्या हाताखाली शिकलेली कामाची रीत दोन्हीकडे चालत राहिली.

स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने एकामागून एक राष्ट्रीय प्रयोगशाळा उघडल्या. त्यांपैकी राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी आपल्या पुण्यात झाले. पाषाण भागातील ती इमारत तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मुंबईत तुर्भे येथे तेलशुद्धीकरणाचे कारखाने यावेत यासाठी परदेशी कंपन्यांशी झालेल्या वाटाघाटींतही भटनागरांचा मोठा वाटा होता.

या कार्यावर टीका झाली नाही असे मात्र नाही. मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, विद्यापीठांबाहेर मोठमोठ्या प्रयोगशाळा बांधल्याने पैसा व बुद्धिमान माणसे तिकडे जातील, विद्यापीठे ओस पडतील आणि विद्यार्थ्यांना संशोधन करणारे गुरू मिळणार नाहीत. ही भीती निराधार नव्हती. विद्यापीठासाठी दीड लाखांचा मोह सोडणाऱ्या माणसावरच हा आक्षेप यावा, ही नियतीची गंमतच म्हणावयाची.

याचे उत्तर देण्याची संधी त्यांना १९५३च्या शेवटच्या आठवड्यात मिळाली. २८ डिसेंबर रोजी शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांच्या हस्ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि भटनागर त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तीनच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. ब्रिटनने असे महामंडळ १९४९ मध्येच सुरू केले होते, कारण पेनिसिलीनचा शोध आपल्याकडे लागला आणि नफा अमेरिकेने कमावला, ही सल तेथे होती. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांची एकस्वे म्हणजे पेटंटे सांभाळणे, योग्य कारखान्याला ठरावीक शुल्क व रॉयल्टी घेऊन परवाना देणे, हे या महामंडळाचे काम. एक संस्था विद्यापीठांना बळ देणारी, दुसरी संशोधन लोकांपर्यंत नेणारी. दोन्ही एकाच आठवड्यात जन्मल्या. पण दोन्हींना वाढविण्यास त्यांना पुरते एक वर्षच लाभले. १ जानेवारी १९५५ रोजी दिल्लीत हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय साठ वर्षे.

त्यांनी बांधलेल्या पुलावरून काय आले, याचा एक दाखला तुमच्या घरातच सापडेल. मतदान करून आलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या बोटावरची न पुसणारी रेघ पाहा. ती शाई दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तयार झाली. १९६२ मध्ये संशोधन विकास महामंडळाने म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्याला तिचा परवाना दिला. तेव्हापासून ती देशाच्या निवडणुकांत वापरली जात आहे आणि अनेक परदेशांतही जाते. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांना पचेल अशी भुकटी करण्याची रीत म्हैसूरच्याच केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने काढली. आणंदच्या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाने, म्हणजे अमूलने, ती उचलली. शेतकऱ्याच्या दुधाला गिऱ्हाईक मिळाले आणि बाळाला आहार. प्रयोगशाळेतील प्रत्येक शोधाला असे भाग्य लाभत नाही. कित्येक शोध आजही अहवालांच्या पानांतच राहतात. म्हणूनच असे पूल बांधणाऱ्यांची गरज संपलेली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत काम करील, कोणी कारखाना काढील, कोणी या दोघांमधला कायदा व हिशेब पाहील. तिन्ही कामे सारख्याच मोलाची आहेत. आणि पालकहो, आपले मूल शिकून काय कमावणार, हा प्रश्न अवश्य विचारा. तो रास्त आहे. भटनागरांनी पैशाला कधी तुच्छ लेखले नाही. कारखानदाराकडून त्यांनी पुरेपूर मोल मागून घेतले, पण ते कोणाच्या नावे जमा व्हावे हे ठरविताना आपले शिक्षण कोणाच्या पैशातून झाले याचा त्यांनी विसर पडू दिला नाही. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या एका पोरक्या मुलाने आपले कर्ज असे फेडले. आपल्या मुलांच्या कानांवर ही हकीकत घालावी, एवढीच विनंती.