एका डोळ्याचा विश्वविक्रमी वैमानिक

विमान उतरवताना जमीन किती खाली आहे, याचा अंदाज चुकला तर जिवावर बेतते. हा अंदाज यायला दोन्ही डोळे हवेतच, असे अनेकांना वाटते. अमेरिकी वैमानिक वायली पोस्ट यांचे आयुष्य मात्र वेगळेच सांगते.

१८९८ मध्ये टेक्सासमध्ये जन्मलेले पोस्ट तेलविहिरीवर काम करीत. १९२६ मध्ये तिथेच धातूची कपची त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसली. जंतुसंसर्ग झाल्याने तो डोळा काढावा लागला. दूरचे झाड किंवा टेकडी पाहून ते अंतराचा अंदाज बांधत आणि पावले मोजून तो पडताळत. नुकसानभरपाईच्या पैशांतून त्यांनी विमान घेतले.

दोन डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रांतला सूक्ष्म फरक सुईत दोरा ओवताना फार उपयोगी पडतो. अंतर वाढते तसा तो फरक कमी होत जातो. उंचावरून मेंदू इतर खुणा वापरतो. ओळखीचे घर केवढे दिसते, धावपट्टीचा आकार कसा बदलतो, जवळची झाडे दूरच्या झाडांपेक्षा किती वेगाने मागे सरकतात, हे एका डोळ्यालाही कळते.

१९३३ मध्ये पोस्ट यांनी ७ दिवस, १८ तास, ४९ मिनिटांत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिलेच. १९३५ मध्ये अलास्कात विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

एक डोळा गमावलेल्यांना सुरुवातीला जिना उतरताना, पेल्यात पाणी ओतताना अडचण येते. सरावाने ती बरीच कमी होते.