आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र

फायनल इयरच्या प्रोजेक्टचा ग्रुप पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय ठरतं, हे तुम्हाला माहीतच आहे. कव्हर पेज कोण करणार, फॉन्ट कुठला, ऋणनिर्देशात कोणाकोणाची नावं. जे येतं ते आधी. जे कोणालाच येत नाही ते ‘नंतर बघू’च्या खात्यात जातं, आणि सबमिशनच्या चार दिवस आधी ते खातं उघडून बघायची कोणाची छाती होत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके या माणसाने नेमकं उलटं केलं होतं. म्हणून आज त्यांची गोष्ट.

तुम्ही त्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ओळखता. १९११ साली मात्र त्यांना असं कोणी म्हणालं नसतं. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्म, मुंबईत जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा काढला, तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुरातत्त्व खात्यात नोकरी धरली, सोडली. छापखाना काढला, यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले, भागीदारांशी पटेना म्हणून तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, फाळके हे आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने! आजच्या एखाद्या काकांनी हा बायोडेटा पाहिला असता तर एकच शब्द वापरला असता: धरसोड.

त्या वर्षी ईस्टरच्या सुमाराला त्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. आपल्याकडच्या राम-कृष्णाच्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत? वय एक्केचाळीसच्या आसपास, घरात पत्नी सरस्वतीबाई आणि मुलं, हातात पक्की कमाई नाही.

आता तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. कथा निवडणं, कपडे शिवणं, पडदे रंगवणं, नट जमवणं. यातलं बरंचसं त्यांना येत होतं, किंवा येणारी माणसं सापडली असती. सुरुवात तिथून करणं सोपं होतं. त्यांनी आधी हात घातला तो न येणाऱ्या गोष्टींना. चित्र हलतं कसं? फिल्म धुतात कशी? यंत्रं कुठे मिळतात, केवढ्याला? छोटी उपकरणं आणून घरी मेणबत्तीच्या उजेडात, भिंतीवर प्रयोग सुरू झाले. रोज सिनेमे पाहायचे, झोप जेमतेम. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी नजर परत आली. (हा भाग कृपया गिरवू नका.)

जे पुस्तकं आणि प्रयोगांतून कळेना, त्यासाठी १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या. तिथे मुक्काम दोनेक आठवड्यांचाच. ‘बायोस्कोप’ या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकांना गाठलं, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र नक्की केलं. एप्रिलच्या सुरुवातीला परत. काय शोधायचंय हे ठरवून गेलेल्या माणसालाच दोन आठवडे पुरतात.

यंत्रं आली. आता लगेच हरिश्चंद्र? नाही. आधी वाटाणा.

त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त काळ रोज त्याच जागेवरून थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर अंकुर फुटला आणि बघता बघता त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’. नट नाही, सेट नाही, खर्च नगण्य. पण नीट बघा, या एवढ्याशा फिल्ममध्ये मोठ्या सिनेमाची सगळी साखळी होती: भोकं पाडा, चित्रण करा, धुवा, प्रिंट काढा, पडद्यावर दाखवा. एकही कडी कच्ची असती तर ती वाटाण्यावरच कळली असती, साठ-सत्तर माणसं पोसायला लागल्यावर नाही. आणि हीच फिल्म पाहून फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, हे विसरू नका.

दादरच्या बंगल्यात काम सुरू झालं. दिवसा उन्हात चित्रण, रात्री धुलाई. फिल्म बिनभोकांची यायची. दर फुटाला सोळा चौकटी, प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. पूर्ण सिनेमा ३,७०० फुटांचा, म्हणजे ५९ हजारांहून जास्त चौकटी. हे काम अंधारात सरस्वतीबाई करायच्या, दिवसभर सगळ्यांचा स्वयंपाक उरकल्यावर. क्रेडिट्समध्ये त्यांचं नाव कुठे असायला हवं होतं, हे तुम्हीच ठरवा.

एक काम मात्र सुटेना. तारामतीसाठी बाई मिळेना. सिनेमात काम म्हणजे बदनामी. फाळके अडून बसले नाहीत. खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना तारामती केलं. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. नटांना सांगून ठेवलं होतं की कोणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा.

सहा महिने सत्तावीस दिवसांनी सिनेमा पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ला निमंत्रितांसाठी खेळ, ३ मेला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सर्वांसाठी. सुटलेलं काम त्याच वर्षी पुढच्या सिनेमात मार्गी लागलं. ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, अशा दोघी पडद्यावर आल्या.

पुढचं सगळं असंच जमलं असं मी म्हणणार नाही. १९१८ साली भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि पैसा, वेळ यांवरून खटके उडू लागले. घरच्या माणसांत काम वाटून घेणं वेगळं, हिशेब मागणाऱ्यांसोबत वेगळं. हे दुसरं त्यांना कधी फारसं साधलं नाही. ते कंपनी सोडून गेले, पुन्हा आले. तोवर इतर लोक पुढे निघाले होते, मग सिनेमा बोलू लागला. १९३७चा ‘गंगावतरण’ हा त्यांनी बोलपट म्हणूनच केलेला एकमेव सिनेमा. १६ फेब्रुवारी १९४४ला नाशिकमध्ये ते गेले.

दादर पूर्वेच्या ज्या रस्त्यावर तो बंगला होता, त्याला आता दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे. क्लासला जाताना तुमच्यापैकी काही जण रोज तिथून जात असाल.