विश्लेषण : सत्ता सोडणारा राजा! औंधच्या बाळासाहेबांनी १९३९ मध्ये गावांच्या हाती कारभार का दिला?

वणी : ग्रामसभेची नोटीस लागते, पण सभेला गर्दी मोजकीच असते. पंचायतीचा हा हक्क आज आपल्याला नेहमीचा वाटतो. पण महाराष्ट्रात एका राजाने स्वतःची सत्ता कमी करून तो गावांना दिला होता. स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी!

कोण होते हे राजे?

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. डेक्कन कॉलेजातून ते बीए झाले आणि १९०९ मध्ये औंधच्या गादीवर बसले. संस्थान लहान, ७२ गावांचे आणि तेही तुकड्यांत विखुरलेले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत.

बाळासाहेब चित्रकार होते, कीर्तनही करत. सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला. कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९३५ च्या इंदूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

तेव्हा जगात काय चालले होते?

नेमके उलटे. युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांनी जानेवारी १९२९ मध्ये राज्यघटना गुंडाळली, संसद बरखास्त केली आणि सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. १९३४ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे त्यांची हत्या झाली. रुमानियाचे राजे कॅरोल दुसरे यांनी १९३८ मध्ये हाच मार्ग धरला. युगोस्लाव्हियातील त्या घटनेला दहा वर्षे होताना, जानेवारी १९३९ मध्ये, औंधच्या राजाने प्रजेला घटना दिली.

हे घडले कसे?

राजपुत्र अप्पासाहेब पंत इंग्लंडमधून शिकून परतले होते. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर त्यांच्यासोबत होते. दोघांनी गांधीजींचा सल्ला घेतला. बाळासाहेब तेव्हा सत्तरीत होते. तरीही त्यांनी होकार दिला.

रचना कशी होती?

• गावाने पाच जणांची पंचायत निवडायची.
• पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती बनायची.
• तालुक्यांतून विधिमंडळावर प्रतिनिधी जायचे.
• मतदाराला लिहिता-वाचता यावे, हा गांधीजींचा आग्रह होता. त्यामुळे साक्षरतेला महत्त्व आले.

म्हणजे सत्ता खालून वर जाणार होती. मात्र निरक्षरांचे काय, हा प्रश्न उरत होता. शिवाय संस्थानावर अखेरचा अधिकार इंग्रजांचाच होता.

कैद्यांवरही विश्वास

१९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिथे भिंती नव्हत्या, शेती होती. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा हीच वसाहत. तिची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले, औंधच्या शाळेत शिकलेले.

१९४२ नंतर साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध प्रतिसरकार उभे राहिले. त्याच्या भूमिगत कार्यकर्त्यांना औंध संस्थानातील गावांनी आसरा दिला. कुंडल तर चळवळीचे केंद्रच बनले.

पुढे काय झाले?

मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले आणि नऊ वर्षांचा प्रयोग थांबला. बाळासाहेब १९५१ मध्ये गेले. त्यांचे श्रीभवानी संग्रहालय आजही औंधच्या डोंगरावर आहे.

आज याचे महत्त्व काय?

७३ व्या घटनादुरुस्तीने देशभरातील पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला तो १९९३ मध्ये, म्हणजे औंधनंतर ५४ वर्षांनी. आता मत द्यायला साक्षरतेची अट नाही आणि ग्रामसभेत प्रत्येक मतदाराला बसता येते. औंधमध्ये राजाने सत्ता सोडली, तरी पंचायत चालवायची होती गावानेच. ते काम आजही गावाकडेच आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीख तुम्हाला माहीत आहे का?