जोतिराव फुल्यांनी नगरला मुलींची शाळा पाहिली, ती चालवणाऱ्या सिंथिया फरार कोण होत्या?

चाळीसगावहून मनमाडमार्गे पुण्याकडे निघालं की वाटेत नगर लागतं, म्हणजे आजचं अहिल्यानगर. महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण थेट पुण्याच्या भिडेवाड्यात उतरतो. पण त्या गोष्टीतही वाटेत नगर लागतं. तिथे आपल्याला भेटतात सिंथिया फरार.

सिंथिया यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. त्या पेशाने शिक्षिका होत्या. इकडे मुंबईत अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुलींची शाळा सुरू केली होती. शाळांची संख्या वाढली, तशी त्यांच्यावर देखरेख करायला पूर्णवेळ माणूस हवा होता. त्या कामासाठी सिंथिया १८२७ च्या अखेरीस मुंबईत पोहोचल्या. वय ३२, लग्न झालेलं नाही. त्या काळात एकट्या बाईला मिशनने परदेशी पाठवणं ही अमेरिकेतही नवलाची गोष्ट होती.

मुली शाळेत का येत नव्हत्या?

मुलगी शिकली तर विधवा होईल, असा समज तेव्हा घट्ट होता. लहान वयात लग्न झालं की शिक्षण तिथेच थांबायचं. शिवाय शाळा मिशनची, म्हणजे मुलीला बाटवतील ही भीती. ही भीती अगदीच निराधार नव्हती, कारण धर्मप्रसार हा मिशनचा उघड हेतू होता. कुठे कुणी धर्मांतर केलं की मिशनच्या शाळांचे वर्ग रिकामे व्हायचे.

तरीही शाळा चालल्या. याचं एक कारण म्हणजे त्या एकट्या ख्रिश्चनांच्या नव्हत्या. मुंबईतल्या मिशनच्या शाळांत हिंदू पंतोजी शिकवायचे, बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू शिक्षकही असायचे. मुलं वेगवेगळ्या जातिधर्मांची होती.

तब्येत ढासळल्यामुळे सिंथिया १८३७ मध्ये मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या, आणि या वेळी थेट नगरला.

जोतिरावांनी काय पाहिलं?

जोतिरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्यासोबत जोतिरावांनी सिंथिया यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या मुलींच्या शाळा पाहिल्या. ते पाहून समाधान वाटलं, पण आपल्या लोकांनी स्वतः असं काही केलेलं नाही याची बोचही लागली. ही आठवण त्यांनी पुढे १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’मधून मांडली.

पुण्याला परतल्यावर जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी नगरला सिंथिया यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. फुले दांपत्य ख्रिश्चन झालं नाही. जोतिरावांनी पुढे सत्यशोधक समाज काढला, धर्माबद्दल स्वतःचे विचार मांडले. म्हणजे मिशनच्या हिशेबाने पाहिलं तर नगरच्या त्या भेटीतून हाती काहीच लागलं नाही. महाराष्ट्राच्या हिशेबाने मात्र खूप काही लागलं. एका परक्या बाईने शेजारच्या मुलींसाठी चालवलेली शाळा पाहून इथल्याच माणसांनी आपली शाळा उभी केली.

सिंथिया यांचं १८६२ मध्ये नगरमध्येच निधन झालं. मधली दोन वर्षं सोडली, तर वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासूनचं सगळं आयुष्य त्यांनी मराठी मुलखातल्या मुलींच्या शाळांसाठी दिलं होतं.

पुढच्या वेळी भिडेवाड्याची पोस्ट शेअर कराल, तेव्हा त्यात नगरच्या या बाईंचंही नाव लिहा.