तारणाचा ग्रंथ आणि शेजारचा तारा

सुरतेसारख्या व्यापारी नगरीत तारण या शब्दाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नाही. दागिने, घर वा जमीन तारण ठेवून पैसा उचलण्याची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. परंतु दोन डॉलरांसाठी एक ग्रंथ तारण ठेवला जावा आणि त्यातून जगाला थोर ज्योतिर्विद लाभावा, ही घटना विरळाच. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या या मंगल प्रसंगी त्या ज्योतिर्विदाचे, एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांचे, स्मरण उचित ठरेल.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे १६ डिसेंबर १८५७ रोजी बर्नार्ड यांचा जन्म झाला. पित्याचे छत्र जन्मापूर्वीच हरपले होते. यादवी युद्धाच्या होरपळीत मातेने मेणाची फुले करून कसाबसा संसार रेटला. शाळेचा लाभ अवघा दोन महिन्यांचा. अक्षरओळखही मातेनेच करून दिली. नवव्या वर्षी हा मुलगा एका छायाचित्रकाराकडे नोकरीस लागला. छायाचित्रे मोठी करण्याचे एक अवजड यंत्र सूर्य सरकेल तसे दिवसभर सूर्याकडे वळते ठेवावयाचे, हे त्याचे काम. पुढील सतरा वर्षांच्या या नोकरीत दोन गोष्टी त्याच्या अंगी बाणल्या : छायाचित्रणाची कला आणि न कंटाळता आकाशाकडे डोळे लावून बसण्याची सवय.

१८७६ मध्ये एका परिचिताने दोन डॉलर उसने घेऊन थॉमस डिक यांचा खगोलविषयक ग्रंथ त्यांच्याकडे तारण ठेवला. पैसे परत मिळण्याची आशा नव्हती. निरुपायाने बर्नार्ड यांनी ग्रंथ उघडला. त्यातील नकाशा पाहताच, बालपणापासून ज्या ताऱ्यांशी मूक मैत्री होती, त्यांची नावे त्यांना प्रथमच कळली. पुढच्याच वर्षी वार्षिक वेतनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खर्चून त्यांनी पाच इंची दुर्बीण विकत घेतली. त्याच वर्षी विख्यात गणिती सायमन न्यूकम नॅशव्हिल येथे आले असता, गणित शिकल्यावाचून या शास्त्रात गती नाही, असे त्यांनी या तरुणास बजावले. बर्नार्ड यांना अश्रू आवरले नाहीत. पण ते खचले मात्र नाहीत. रात्री धूमकेतू शोधावेत, दिवसा नोकरी करावी आणि उरल्या वेळी गणित शिकावे, असा क्रम त्यांनी आरंभिला. प्रत्येक नव्या धूमकेतूस त्या काळी दोनशे डॉलरांचे पारितोषिक मिळे. त्या पारितोषिकांतून त्यांनी आपले छोटे घर उभे केले.

पुढे विद्यापीठाची शिष्यवृत्ती लाभली आणि नंतर कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत प्रवेश झाला. तेथे ९ सप्टेंबर १८९२ रोजी त्यांनी गुरूचा पाचवा उपग्रह शोधला. गॅलिलिओच्या चार उपग्रहांनंतर तब्बल २८२ वर्षांनी हा मान एका माणसास मिळाला. १८९५ पासून अखेरपर्यंत त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या यर्कीस वेधशाळेत सेवा केली.

त्यांचे नाव ज्या ताऱ्याशी कायमचे जोडले गेले, त्याचा शोध १९१६ मधला. आकाशातील एकाच भागाची दोन छायाचित्रे, एक १८९४ चे आणि दुसरे १९१६ चे, त्यांनी ताडून पाहिली. इतर तारे जागच्या जागी होते. एक मंद ठिपका मात्र चंद्रबिंबाच्या सुमारे आठव्या भागाइतका सरकला होता. वर्षास १०.३ विकला ही त्याची गती आजही सर्व ताऱ्यांत अधिक आहे. इतका झपाट्याने सरकणारा तारा जवळचाच असणार, हे उघड होते. तो केवळ सहा प्रकाशवर्षांवर आहे. सूर्याचा त्याहून निकटचा शेजार म्हणजे मित्र ताऱ्याचे त्रिकूटच. तरीही भुजंगधारी तारकासमूहातील हा तांबडा लघुतारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सहाव्या हिश्शाएवढे. तेज तर सूर्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आकाशात झळकणारे बहुतेक तारे दूरचे आणि बलाढ्य असतात. निकटचे शेजारी बहुधा असे मंद, शीतल आणि अनोळखी असतात. ताऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश याच जातीचे आहेत, हे पुढे कळून आले.

६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड निवर्तले. आकाशगंगेच्या छायाचित्रांचा त्यांचा संग्रह १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी काढलेल्या सुमारे पस्तीस हजार प्रती त्यांनी हयातीत स्वतः तपासल्या होत्या. त्यांनी दाखविलेल्या वाटेने शोध पुढे चालू राहिला. १९९५ मध्ये १९ प्रकाशवर्षांवरील एक तपकिरी लघुतारा जगापुढे आला. हायड्रोजन पेटण्याइतकेही वस्तुमान नसलेली ही ज्योती शोधणाऱ्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडास जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी अग्रणी होते. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती चार छोटे ग्रह फिरत असल्याचे २०२४ व २०२५ मधील संशोधनाने दाखविले आहे.

या चरित्रात ग्रंथप्रेमींनी ध्यानी घ्यावी अशी एक गोष्ट आहे. १९१६ च्या छायाचित्राने एकट्याने काहीच सांगितले नसते. बावीस वर्षांपूर्वीची काच कोणी जपून ठेवली होती, म्हणून नव्याचा अर्थ लागला. जतन करणाऱ्यास आपण नेमके काय जतन करीत आहोत, हे पुष्कळदा ठाऊक नसते. ग्रंथालयाच्या कपाटातील, वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या ग्रंथाविषयीही हेच म्हणता येईल. शंभर वर्षे ती कपाटे ज्यांनी सांभाळली, त्या सर्वांचे ऋण या निमित्ताने आदरपूर्वक मान्य करावेसे वाटते. कोणता ग्रंथ कोणाचे आयुष्य तारील, हे तो उघडला जाईपर्यंत कोणास कळावे?